व्हायवा झाला, पुढे?

विद्यापीठाच्या विज्ञान विभागात पीएचडीचा व्हायवा संपला की पुढचा तास ठरलेला असतो. बाहेरगावचे परीक्षक सह्या करून चहा घेतात, आईवडील मुलीची लॅब पहिल्यांदा आतून बघतात, पेढ्यांचा बॉक्स हातोहात फिरतो. त्या गडबडीत कुणीतरी विचारतंच, ‘आता पुढे काय?’ ‘पोस्टडॉकसाठी अर्ज टाकतेय,’ असं उत्तर येतं. कुठे, कुणाकडे, कशावर काम करायला, असं आणखी विचारलं तर मात्र बहुतेक वेळा शांतता पसरते. जिथे जाहिरात दिसेल तिथे, एवढंच ठरलेलं असतं.

यात मुलांचा दोष नाही. पोस्टडॉकची जागा कशी शोधायची हे आपल्याकडे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ते कळतं सिनियरकडून, मेसच्या टेबलावर, गाईडच्या ओळखीतून. टीआयएफआर, आयसर पुणे, एनसीएल किंवा आयआयटी मुंबईत शिकणाऱ्याला तसे दहा सिनियर भेटतात. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात, विद्यापीठाच्या संलग्न संशोधन केंद्रावर पीएचडी करणाऱ्याला एकही भेटत नाही. दोघांच्या बुद्धीत फरक असेलच असं नाही, माहितीत मात्र नक्की असतो. ती माहिती एका जागी मांडावी आणि ती वाटण्याची जबाबदारी कुणाची हेही बोलावं, यासाठी हा आढावा.

मधली वर्षं कशासाठी?

पीएचडी झाली म्हणजे संशोधन करता येतं हे सिद्ध झालं. स्वतःचा प्रश्न स्वतः निवडून, स्वतःच्या हिमतीवर तो तडीस नेता येतो का, हे अजून सिद्ध व्हायचं असतं. या दोन टप्प्यांमधला काळ म्हणजे पोस्टडॉक. अमेरिकेत १९१९मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिक आणि रसायनशास्त्रातल्या तरुण डॉक्टरेटधारकांना फेलोशिप द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ही पायरी रुजत गेली. शिकवण्याच्या ओझ्याखाली दबण्याआधी दोन-तीन वर्षं फक्त संशोधन करू द्यावं, हा त्यामागचा विचार होता.

ही वर्षं माणूस घडवतात. जयंत नारळीकरांची केंब्रिजमधली पीएचडी १९६३ची. त्यानंतर किंग्ज कॉलेजचे फेलो म्हणून आणि पुढे फ्रेड हॉइल यांच्या खगोलशास्त्र संस्थेत काम करून ते १९७२मध्ये टीआयएफआरला परतले. १९८८मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली, तिच्यामागे त्या वर्षांतला अनुभव होता. वेंकी रामकृष्णन यांनी अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएचडी केली, मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले आणि येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून रायबोसोमवर काम करू लागले. २००९चं नोबेल त्याच रायबोसोमसाठी मिळालं. पण येलनंतर त्यांनी सुमारे पन्नास ठिकाणी प्राध्यापकपदासाठी अर्ज केले होते आणि काहीच हाती लागलं नव्हतं. नकार म्हणजे लायकीवर शिक्का, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

दोन वाटा

पोस्टडॉकच्या जागांचे अनेक प्रकार कानावर येतात, पण मुळात वाटा दोनच. पहिल्या वाटेत एखाद्या प्राध्यापकाला प्रकल्पासाठी ग्रँट मिळालेली असते आणि त्या पैशातून तो माणूस नेमतो. प्रकल्प त्याचा, प्रश्न बराचसा त्याचा, मुदत ग्रँट संपेपर्यंत. दुसऱ्या वाटेत उमेदवार स्वतः फेलोशिपसाठी प्रस्ताव लिहितो, यजमान प्राध्यापक त्याला पाठिंब्याचं पत्र देतो आणि पैसा उमेदवाराच्या नावाने येतो. पहिली वाट लवकर पोचवते. दुसरी लांबची आणि स्पर्धेची, पण प्रश्न आपला असतो आणि पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना तिचं वजन पडतं.

दोन्ही वाटा शेवटी एका माणसाच्या दारात येतात. फेलोशिप हवी असली तरी आधी यजमान लागतो. म्हणून शोध जागेपासून सुरू करू नये. प्रश्नापासून आणि त्या प्रश्नावर काम करणाऱ्या माणसांपासून करावा. पहिल्या वाटेवरच्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. ग्रँट मंजूर झाल्याचं कळताच प्राध्यापक आधी आपल्या ईमेलमध्ये आलेली चांगली पत्रं आणि परिषदेत भेटलेले चेहरे आठवतो. काही ठिकाणी नियमापुरती जाहिरात नंतर निघते.

जाहिराती बघायच्याच असतील तर त्या विषयागणिक वेगवेगळ्या ठिकाणी असतात. युरोपातल्या जागांसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, गणितासाठी मॅथजॉब्ज, खगोलशास्त्रासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, भारतातल्या जीवशास्त्रासाठी इंडियाबायोसायन्स. खगोलशास्त्राचं वेळापत्रक तर जवळजवळ जगभर एकच आहे: ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अर्ज, हिवाळ्यात निवड, आणि उमेदवाराला १५ फेब्रुवारीपूर्वी होकार द्यायला भाग पाडू नये असा संकेत. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर निरीक्षणं घेऊन प्रबंध लिहिणारा मुलगा हे वेळापत्रक चुकला तर त्याचं पूर्ण वर्ष जातं. रसायन आणि जीवशास्त्रात असा मोसम नसतो, जागा वर्षभर निघत राहतात.

भारतात काय आहे?

देशातली नेहमीची जागा म्हणजे प्रकल्पावरची रिसर्च असोसिएटशिप. केंद्राच्या विज्ञान खात्यांनी १ जानेवारी २०२३पासून तिचे दर वाढवले: अनुभवानुसार महिना ५८ हजार, ६१ हजार किंवा ६७ हजार रुपये, वर घरभाडं. सातव्या वेतन आयोगात विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, म्हणजे आकडा अगदीच वाईट नाही. पण प्राध्यापकाला त्यावर महागाई भत्ता आणि सेवेची शाश्वती मिळते, असोसिएटला प्रकल्पाची मुदत तेवढी मिळते. पैसे वेळेवर न येण्याची तक्रार तर देशभरातले संशोधक वर्षानुवर्षं करत आले आहेत. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तिशीतल्या माणसाची फेलोशिप चार महिने अडली की तो कुणापुढे हात पसरतो, हा प्रश्न हिशेबाच्या फायलीत दिसत नाही.

स्वतःच्या नावाची मोठी योजना म्हणजे नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप. ती आधी एसईआरबी चालवायची. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं आणि एसईआरबी त्यात विलीन झाली. मुदत दोन वर्षं, वयाची अट ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. प्रबंध सादर केलेला पण पदवी हातात न आलेला उमेदवारही अर्ज करू शकत आला आहे, हे अनेकांना माहीत नसतं. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप पाच वर्षांची आणि जवळपास स्वतंत्र संशोधकाच्या दर्जाची आहे, पण खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ आहे. पीएचडी तिसाव्या वर्षी संपली असेल तर हातात दोनच वर्षं उरतात. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी फेलोशिप आहेत. संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ आहे, तिला वयाची मर्यादा ६०पर्यंत आहे. ही शेवटची योजना जितक्या घरांत पोचायला हवी तितक्या पोचलेली नाही, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

महाराष्ट्रापुरतं एक आणखी. आपल्याकडे पीएचडी झालेल्या कितीतरी मुलांपुढे दोनच पर्याय दिसतात: तासिका तत्त्वावर शिकवणं किंवा स्पर्धा परीक्षा. तासिकेचे पैसे तुटपुंजे, आणि वर्ष-दोन वर्षं लॅबपासून तुटलं की परत येणं अवघड. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची यादी करताना शिकवण्याच्या अनुभवाइतकेच गुण पोस्टडॉकच्या अनुभवालाही आहेत, वर्षाला दोन. म्हणजे पोस्टडॉकला गेल्याने शिक्षकी वाट बंद होत नाही. घरच्यांना हे सांगता येणं महत्त्वाचं असतं.

सीमेपलीकडे

युरोपातली सर्वांत मोठी योजना मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप. कोणत्याही देशाच्या संशोधकाला ती खुली आहे. अट अशी की अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आणि पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांच्या आत हवा. अर्जाची मुदत साधारणपणे सप्टेंबरात येते, पण यजमानाशी बोलणी वसंतातच व्हावी लागतात. २०२४च्या फेरीत दहा हजारांहून अधिक अर्ज आले आणि सुमारे १,७०० जण निवडले गेले. सहातला एक. कठीण आहे, अशक्य नाही.

जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप सहा महिने ते दोन वर्षांची, पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत घ्यायची. जपानची जेएसपीएस एक ते दोन वर्षांची, सहा वर्षांच्या आत. जीवशास्त्रासाठी एम्बो या युरोपीय संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप आहे. भारत २०१६पासून त्या व्यवस्थेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपल्या उमेदवारांना ती दारं उघडी झाली. जर्मनीबद्दल एक सावधगिरी: तिथल्या कायद्याने विद्यापीठातल्या तात्पुरत्या करारांवर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी मर्यादा घातली आहे. २०२१मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी ‘मी हाना’ या नावाने याविरुद्ध मोठा आवाज उठवला होता. पोस्टडॉकची असुरक्षितता एकट्या भारताची नाही.

अमेरिकेत प्रामुख्याने पहिलीच वाट चालते. जैववैद्यक संशोधनात एनआयएच या सरकारी संस्थेने ठरवलेला किमान दर अनेक विद्यापीठं आधार मानतात. २०२४मध्ये तो पहिल्या वर्षाला ६१,००८ डॉलर होता. तिथल्या पोस्टडॉकपैकी निम्म्याहून अधिक जण तात्पुरत्या व्हिसावर आलेले परदेशी आहेत. नेहमीचा व्हिसा जे-१, जास्तीत जास्त पाच वर्षं. त्याला जोडलेल्या ‘दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या’ अटीने आपल्या लोकांना फार छळलं. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेने ज्या कौशल्य-यादीमुळे ही अट लागायची त्यातून भारताचं नाव काढलं; सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अजूनही लागू शकते. दुसरीकडे २०२५मध्ये एनआयएच आणि एनएसएफच्या अनेक ग्रँट रद्द झाल्या आणि सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ज्या प्राध्यापकाने ‘जागा आहे’ म्हटलं त्याची ग्रँट खरोखर चालू आहे का, कुठवर आहे आणि व्हिसा कुठला देणार, हे आज अमेरिकेच्या बाबतीत सर्वांत आधी विचारायचे प्रश्न आहेत.

शंभर पत्रं आणि नऊ पत्रं

मराठवाड्यातून रसायनशास्त्रात पीएचडी केलेली एक मुलगी काही वर्षांपूर्वी सल्ला विचारायला आली. सोबत वही होती. सहा महिन्यांत तिने शंभरावर प्राध्यापकांना लिहिलं होतं. नाव, देश, तारीख, सगळं नीट टिपलेलं. उत्तरं तीन, तिन्ही नकाराची. मी पत्र मागितलं. सगळ्यांना एकच पत्र गेलेलं होतं: आदरणीय सर, मी अमुक विषयात पीएचडी केली आहे, माझे सात पेपर प्रसिद्ध आहेत, मी कष्टाळू आहे, आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत संधी द्यावी. पत्रात एकही शब्द खोटा नव्हता, पण ते कुणालाही पाठवता आलं असतं.

आम्ही दोन दिवस बसलो. तिच्या प्रबंधात तांब्याचा उत्प्रेरक होता, आणि प्रत्येक वापरानंतर किती तांबं द्रावणात उतरतं हे तिने चिकाटीने मोजलं होतं. प्रबंधात ही मोजणी चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, एका तक्त्यात दडलेली होती. तिला स्वतःलाही ती बाजूची गोष्ट वाटायची. मग तिने असे नऊ गट शोधले ज्यांचे उत्प्रेरक काही वापरांनंतर मंदावतात. प्रत्येकाचे दोन पेपर वाचले आणि नऊ वेगळी पत्रं लिहिली. एकातला मधला परिच्छेद असा होता: ‘तुमच्या पेपरमधल्या आलेखात पाचव्या वापराला उत्पादन कमी झालेलं दिसतं. माझ्या उत्प्रेरकात हेच घडत होतं. धातू झिरपतो की त्याचे कण एकत्र येऊन मोठे होतात, हे वेगळं करण्यासाठी मी प्रत्येक फेरीनंतर द्रावण गाळून तांबं मोजलं. तक्ता सोबत जोडला आहे. तुमच्या पद्धतीवर हीच मोजणी करून पाहावी असं मला वाटतं.’ नऊ पत्रांना चार उत्तरं आली. दोन ठिकाणी मुलाखत झाली आणि एका ठिकाणी ती गेली.

तिचं काम तेच होतं, पेपर तेच होते, विद्यापीठही तेच होतं. फरक एवढाच पडला की वाचणाऱ्याला पत्रात आपला प्रश्न दिसला आणि त्या प्रश्नावर हात चालवलेला माणूस दिसला.

अशा पत्राला सोबत दोन पानांचा सीव्ही पुरतो. आपल्याकडे सीव्हीत दहावीच्या टक्क्यांपासून कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांपर्यंत सगळं भरायची सवय आहे. बाहेरचा वाचक पहिल्या अर्ध्या पानात कोणती तंत्रं येतात आणि कोणत्या पेपरात तुमचा वाटा नेमका काय, एवढं शोधतो. पैसे देऊन छापलेल्या संशयास्पद नियतकालिकांतले पेपर यादीत असतील तर ते उलटेच पडतात.

शिफारसपत्राबाबत तर मला गाईड मंडळींशीच बोलायचं आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्या अनेक विभागांतली रीत आहे. विद्यार्थी स्वतःबद्दल मोघम स्तुती लिहितो, आणि ते पत्र वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं. चांगल्या पत्रात प्रसंग असतो: उपकरण बंद पडलं तेव्हा याने काय केलं, निकाल अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा ही कशी वागली. तो प्रसंग पाच वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या गाईडलाच ठाऊक असतो. अर्धा तास बसून ते लिहिणं हे गाईडचं काम आहे, विद्यार्थ्यावरचा उपकार नव्हे.

मुलाखत दोन्ही बाजूंची

मुलाखत बहुधा ऑनलाइन होते. आधी स्वतःच्या कामावर अर्धा-पाऊण तासाचं व्याख्यान, मग गटाशी प्रश्नोत्तरं. अमेरिकेशी असेल तर आपल्याकडे रात्र झालेली असते, म्हणून वीज आणि इंटरनेटची सोय आधी बघावी. विद्यापीठातली एखादी खोली मागून घ्यावी. इंग्रजीचा अडसर मनात फार मोठा असतो. खरं तर समोरच्यांपैकी निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नसते. सावकाश, छोट्या वाक्यांत, आपल्या आलेखाकडे बोट दाखवून बोलणारा माणूस समजतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल’ हे उत्तर चालतं, किंबहुना आवडतं.

आणि त्यांनी आपल्याला तपासावं तसं आपणही त्यांना तपासावं. करार किती काळाचा, तो वाढण्याची शक्यता कशावर, आरोग्यविमा कुटुंबाला लागू का, जाताना माझ्या प्रकल्पाचा कोणता भाग मी सोबत नेऊ शकेन. लॅबमधल्या सध्याच्या दोघांशी आणि सोडून गेलेल्या एकाशी एकट्याने बोलावं. इथून निघालेले लोक आज कुठे आहेत, हा एक प्रश्न बरंच काही सांगतो. ‘नेचर’ने २०२०मध्ये ९३ देशांतल्या साडेसात हजारांवर पोस्टडॉकची पाहणी केली, तेव्हा कामामुळे मनावर येणाऱ्या ताणापायी विज्ञान सोडण्याचा विचार केल्याचं निम्म्यांनी सांगितलं होतं. मोठ्या नावाच्या लॅबपेक्षा माणसासारखं वागवणारी लॅब निवडली म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

फसवणुकीबद्दलही बोलायला हवं. प्रक्रिया शुल्क, कागदपत्र शुल्क, ‘सीट राखण्यासाठी’ रक्कम असं काही कुणी मागितलं तर तिथेच थांबावं. खरं विद्यापीठ नेमणुकीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

मधली पोकळी

एक अडचण फक्त आपल्या विद्यापीठांतली आहे. प्रबंध जमा झाल्यापासून परीक्षकांचे अहवाल, व्हायवा आणि पदवीचं नोटिफिकेशन यांत कित्येक महिने जातात. परदेशातला करार पदवीच्या पुराव्यावर अडलेला असतो, जेआरएफ-एसआरएफ संपलेली असते आणि मूल ना विद्यार्थी ना नोकरदार अशा पोकळीत लटकतं. यावरचा उपाय दोन बाजूंनी करायचा. विद्यार्थ्याने प्रबंध लिहायच्या आधीच्या वर्षी शोध सुरू करावा: त्या वर्षी परिषदेत एक पोस्टर, पंधरा गटांची यादी, पहिली पत्रं, प्रबंध जमा करताना मुलाखती. आणि विद्यापीठाने परीक्षकांच्या अहवालाला मुदत घालून ती पाळावी, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आठवड्यात द्यावं. याला निधी लागत नाही, इच्छा लागते.

ही माहिती वारशाने मिळू नये, हक्काने मिळावी. प्रत्येक विद्यापीठाच्या विज्ञान विभागाने वर्षातून दोन दिवस एवढ्यासाठीच द्यावेत. आपल्याच विभागातून बाहेर गेलेल्यांना ऑनलाइन बोलवावं, निवड झालेले आणि नाकारले गेलेले असे दोन्ही प्रस्ताव मुलांसमोर ठेवावेत, फेलोशिपच्या तारखांचा तक्ता नोटीसबोर्डवर लावावा. जे गेलेत त्यांनीही आपल्या गावच्या महाविद्यालयातून आलेल्या पत्राला दोन ओळींचं का होईना, उत्तर द्यावं.

त्या मुलीने जाताना वही माझ्याकडे ठेवली होती. परवा नांदेडकडच्या एका मुलाला ती दिली. शंभर नावांच्या यादीनंतर तिने एक पान कोरं सोडलं आहे, आणि पुढे नऊ नावं आहेत, प्रत्येकासमोर त्या गटाचा प्रश्न एका ओळीत लिहिलेला. मुलाने दोन्ही याद्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. मग खिशातून पेन काढून म्हणाला, ‘सर, माझ्या प्रबंधातला तसा तक्ता कुठला असेल?’ शोध तिथून सुरू होतो.